माल पुढे जातो कुठे? नंदुरबारच्या लहान धंद्यांचा एक आढावा

लहान धंदा कशावर चालतो, असे नंदुरबारमध्ये कुणालाही विचारले तर पहिले उत्तर येते भांडवल, मग रस्ता, मग पाऊस. तिन्ही उत्तरे खरी आहेत. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, दर दहा माणसांमागे जवळपास सात आदिवासी आहेत. २०१८ साली केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत नंदुरबार होता. पैसा कमी, अंतरे मोठी आणि सहापैकी दोन तालुके, अक्राणी आणि अक्कलकुवा, बहुतांशी सातपुड्याच्या डोंगरात. पण त्याच बाजारात, त्याच रस्त्यावर आणि साधारण तेवढ्याच पैशांवर बसलेल्या दोघांपैकी एकाचा धंदा वाढतो आणि दुसरा वर्षानुवर्षे तिथेच राहतो, हेही रोज दिसते. हा फरक भांडवलाने समजावून सांगता येत नाही.

गेल्या काही दशकांत अर्थशास्त्र आणि मानसशास्त्राचे अभ्यासक या फरकामागे लागले आहेत. त्यांच्या उत्तरांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: चौकसपणा आणि कल्पकता. हे शब्द ऐकले की मोठ्या शहरातली चकचकीत कंपनी आणि तिथले तरुण डोळ्यांसमोर येतात. मला मात्र ते मोलगीच्या आणि नवापूरच्या बाजारात तपासून पाहावेसे वाटतात. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: लहान धंद्यात सगळ्यात कमाईचा प्रश्न एकच असतो, ‘माझ्या हातून सुटल्यावर माझा माल जातो कुठे आणि तिथे त्याचे काय होते?’ ज्याला हा प्रश्न पडतो आणि जो त्याच्या मागे जाऊ शकतो, त्याचा धंदा बदलतो. पडणे आणि जाऊ शकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नंदुरबारची अडचण दुसरीत जास्त आहे.

आमचूर घ्या. धडगाव आणि मोलगीच्या परिसरात गावठी आंब्याची झाडे अमाप. उन्हाळ्यात, पाड लागायच्या आधी, कैऱ्या उतरवतात. घरातल्या बाया साल काढतात, कोय वगळून गराच्या फोडी करतात आणि खडकावर, छपरावर, अंगणात वाळत घालतात. वाळलेल्या फोडी पोत्यात भरून आठवडे बाजारात येतात. व्यापारी मूठभर फोडी हातात घेतो, रंग पाहतो, एक मोडून पाहतो आणि भाव सांगतो. पांढरटसर फोडीला चांगला भाव, काळपट फोडीला कमी. विकणाऱ्या बाईला एवढे ठाऊक असते. काळी का पडली, याची कारणेही तिच्याच अंगणात असतात: लोखंडी विळ्याने चिरली की कैरीची आंबट फोड काळवंडते, सालीचा अंश राहिला तर डाग दिसतो, धुळीत वाळवली तर माती चिकटते, आणि एखादी वळवाची सर आली तर बुरशी धरते. स्टीलची सुरी, पूर्ण सोललेली साल, खाली स्वच्छ कापड किंवा जाळी, वरून साधा पारदर्शक कागद लावलेला सौर वाळवणीचा सांगाडा: यातले काहीही महाग नाही. पण हे करावे असे वाटण्यासाठी त्या बाईला हे कळावे लागते की ही फोड पुढे उत्तरेकडच्या मसाल्याच्या बाजारात दळली जाते, तिची पूड पाकिटात भरली जाते आणि पाकिटाचे गिऱ्हाईक आधी रंग बघते. मोलगीच्या बाजारात पोते रिकामे झाले की तिच्यापुरता आमचूर संपतो. व्यापाऱ्यासाठी तो तिथे सुरू होतो.

इस्रायल कर्झनर या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली उद्योजकाचे वर्णन याच दिशेने केले. उद्योजक म्हणजे काही अफाट शोध लावणारा माणूस नव्हे, एका ठिकाणी स्वस्त आणि दुसऱ्या ठिकाणी महाग असलेली वस्तू इतरांच्या आधी ज्याच्या नजरेस पडते तो. सजगपणा हेच त्याचे भांडवल. पुढे १९९४ मध्ये जॉर्ज लोवेनस्टाइन याने कुतूहलाची जी मीमांसा केली, ती इथे जास्त उपयोगी पडते. त्याच्या मते आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत असावेसे वाटते, त्यांच्यामधली फट जाणवली की कुतूहल जागे होते. म्हणजे अजिबात काही माहीत नसलेल्या विषयाबद्दल माणूस चौकस होत नाही. थोडे कळले की मग पुढचे खुणावते. ‘इथल्या लोकांना जिज्ञासाच नाही’ असे बैठकांतून ऐकू येणारे वाक्य म्हणूनच मला खोटे वाटते. रानातल्या प्रत्येक कंदाची, सालीची आणि फुलाची खडान्‌खडा माहिती ठेवणाऱ्या माणसांबद्दल ते बोलले जाते. दूरच्या बाजाराची पहिली ओळखच कुणी करून दिलेली नसते, तर त्याबद्दल प्रश्न पडणार कुठून?

चौकसपणा शिकवता येतो का, यावरचा सगळ्यात भक्कम प्रयोग पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात झाला आणि २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. लोमे या राजधानीतले १,५०० लहान धंदेवाईक निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एका गटाला नेहमीचे व्यवसाय प्रशिक्षण दिले: हिशेब, विक्री, कर्जाचे व्यवस्थापन. दुसऱ्याला हिशेबाचे धडे दिलेच नाहीत. त्यांना शिकवले ते स्वतःहून पुढाकार घेणे, शेजाऱ्यापेक्षा वेगळे काय करता येईल ते शोधणे, पुढच्या हंगामाचा आज विचार करणे आणि अडचण आली की दुसरी वाट धरणे. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. पुढच्या दोन-अडीच वर्षांत पुढाकार शिकलेल्या गटाचा नफा तिसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाची वाढ ११ टक्क्यांच्या आसपास दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. स्त्रियांच्या धंद्यांत फरक आणखी ठळक होता, पुढाकाराच्या प्रशिक्षणाने जवळपास ४० टक्के वाढ.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडच्या प्रशिक्षणांचा साचा बहुतेक वेळा पहिल्या गटासारखा असतो. फळ्यावर नफा-तोटा पत्रक, मग योजनांची माहिती, मग प्रमाणपत्र. तरी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. लोमे हे बंदराचे शहर आहे, गिऱ्हाईक दारातून चालत जाते. तोरणमाळच्या वाटेवरच्या पाड्यात पुढाकार घेतला तरी गिऱ्हाईक आपणहून चालत येणार नाही. तो ३० टक्क्यांचा आकडा इथे जसाच्या तसा लावू नये.

केनियातला एक छोटा अभ्यास मात्र कुठल्याही बाजारपेठेला लागू पडावा असा आहे. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथले लहान दुकानदार सुटे पैसे नसल्याने गिऱ्हाईक परत पाठवत आणि त्यापायी नफ्यातले सुमारे ५ ते ८ टक्के गमावत होते. त्यांना ते जाणवतच नव्हते. अभ्यासकांनी दर आठवड्याला नुसते विचारायला सुरुवात केली की सुट्यांअभावी किती विक्री बुडाली. कुणीही सल्ला दिलेला नसताना केवळ विचारण्यानेच बरेच दुकानदार सुटे बाळगू लागले. हिशेबाची वही म्हणूनच मला कारकुनी काम वाटत नाही. परत गेलेल्या गिऱ्हाइकाची नोंद ज्या वहीत असते, ती वही रोज संध्याकाळी एक नवा प्रश्न पुढे करते.

आता नंदुरबारच्या मिरचीकडे येऊ. मिरचीच्या बाजारात गुंटूरच्या जोडीने नंदुरबारचे नाव घेतात, ते उगाच नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ओल्या लाल मिरचीच्या गाड्या बाजार समितीत लागतात आणि शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर पथाऱ्या पसरतात. लांबून पाहिले तर माळच्या माळ लाल. जवळ गेले की आधी खोकला येतो. शेकडो बाया तोंडाला फडके बांधून बसलेल्या असतात, मिरची उलटवणे, निवडणे, देठ खुडणे, पोती भरणे चाललेले असते. तीन-चार किलो ओल्या मिरचीची किलोभर कोरडी होते, आणि ओल नेमकी किती उरली यावर पुढचा सगळा भाव ठरतो. जास्त ओल राहिली तर बुरशी, जास्त वाळली तर वजन घटते आणि टरफल फुटते. अवकाळी पाऊस आला की पथारीवरचे लाखो रुपये एका रात्रीत भिजतात, आणि हे जवळजवळ दरवर्षी कुठे ना कुठे घडते.

इतकी वर्षे हा धंदा असूनही मिरची अजून जमिनीवरच का वाळते, असा प्रश्न बाहेरून आलेला प्रत्येक जण विचारतो. उत्तराचा एक भाग जागा आणि खर्च. दुसरा भाग पाकिस्तानातल्या सियालकोटच्या फुटबॉल कारखान्यांनी दाखवून दिला. तिथे अभ्यासकांनी कृत्रिम चामडे कमी वाया जाईल असा नवा साचा कारखानदारांना फुकट दिला. तरी बहुतेकांनी तो वापरला नाही. शोध घेतल्यावर कळले की कापणाऱ्या कारागिरांना नगावर मजुरी होती. नव्या साच्याने सुरुवातीला हात मंदावत, म्हणजे मजुरी त्यांची बुडायची आणि बचत मालकाची व्हायची. मग ते मालकाला सांगत की साचा काही कामाचा नाही. काही कारखान्यांत कारागिरांना साधारण महिन्याच्या पगाराएवढे बक्षीस देऊ केले, तेव्हा साचा चालू लागला. २०१७ मध्ये छापलेला हा अभ्यास मिरचीच्या प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकावा असे मला वाटते. देठ खुडणाऱ्या बाईला मजुरी जर नुसत्या वजनावर असेल, तर डागी मिरची बाजूला काढण्याची सुधारणा तिच्या हातून का व्हावी? कोणती गाडी कोरडी, कोणत्या शेतातला माल लवकर काळा पडतो, हे सगळ्यात आधी तिच्या बोटांना कळते. ते तिला विचारणे आणि त्या माहितीचा मोबदला देणे ही पथारीवरची सगळ्यात स्वस्त सुधारणा ठरेल.

शहादा-तळोद्याची पपई हे याच प्रश्नाचे दुसरे रूप. तापीकाठच्या काळ्या जमिनीतली पपई ट्रकने उत्तर भारतात जाते आणि दरवर्षी भावावरून व्यापारी आणि बागाईतदार यांच्यात ओढाताण होते. पिकलेले फळ थांबत नाही, म्हणून शेतकऱ्याला थांबता येत नाही. पण पपई म्हणजे फक्त पिकलेले फळ नाही. कच्च्या पपईची टुटीफ्रुटी होते, आणि तिच्या चिकापासून पपेन हे विकर मिळते, जे औषधनिर्मितीत आणि अन्नप्रक्रियेत लागते. खानदेशाला हे नवे नाही. शेजारच्या जळगावात भवरलाल जैन यांनी १९६३ साली ७,००० रुपयांच्या पुंजीवर रॉकेलच्या विक्रीपासून धंदा सुरू केला. १९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना घेतला आणि त्यात बदल करून पपेन तयार करायला लागले. ठिबक सिंचनाच्या कंपनीमुळे आज जग ज्यांना ओळखते, त्यांच्या वाटचालीत पपईच्या चिकाचा हा टप्पा होता. केळीच्या यंत्रात पपई पाहणे ही कल्पकता. पण त्याआधी दीड दशक खेडोपाडी फिरून, शेतकऱ्यांशी बोलून जमलेली माहिती होती. ती नसती तर तो कारखाना इतरांना दिसला तसा त्यांनाही भंगारच दिसला असता.

नवापूरची गोष्ट वेगळी आहे, तिथे धंद्याला दूरचा बाजार शोधावा लागला नाही. या गावाच्या रेल्वे फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये आहे, सुरतेची बाजारपेठ रुळांच्या पलीकडच्या टोकाला. त्या भरवशावर इथे कुक्कुटपालन वाढले. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव इथेच आढळला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, देशभर चिकन-अंड्यांचा खप कोसळला आणि नवापूरचे नाव नको त्या कारणाने घरोघर पोचले. लोक धंदा सोडून जातील असे वाटत होते. धंदा पुन्हा उभा राहिला. २०२१ च्या फेब्रुवारीत रोग परत आला, पुन्हा लाखो पक्षी गेले, आणि धंदा तरीही टिकला. अशा ठिकाणी कल्पकता नव्या वस्तूत शोधू नये. शेडमध्ये येणाऱ्याचे पाय जंतुनाशकात बुडवणे, एका शेडचे खाद्याचे पोते दुसरीकडे न नेणे, पाहुण्याला दारातच थांबवणे, मेलेल्या पहिल्या कोंबडीचे कारण त्याच दिवशी शोधणे: ही तिची रूपे आहेत, आणि चार पक्षी कमी-जास्त मेले तर ‘का’ असे विचारणारा मालकच ती पाळतो. त्याच तालुक्यातल्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाजारात ती अजून बऱ्याचदा सुटी, बिननावाची विकली जाते. मानांकनाचा कागद आणि गिऱ्हाइकाच्या हातातले पाकीट यांच्यामधले अंतर कुणीतरी कापायला हवे.

डोंगरातल्या भगरीचेही तसेच. सातपुड्यात पिकणारे हे तृणधान्य, त्याची साल काढणाऱ्या गिरण्यांचे मोठे केंद्र नाशिकला, आणि उपवासाला भगर खाणारी घरे राज्यभर. बाई उखळात कांडते तेव्हा दिवस जातो आणि दाणे फुटतात. गावाजवळ साल काढायचे यंत्र आले तर तिचे श्रमही वाचतात आणि एक टप्पा तिच्या हातात राहतो. डाब आणि वालंबा भागातल्या शेतकऱ्यांनी थंड हवेचा अंदाज घेऊन स्ट्रॉबेरी लावली, तीही कुणा तज्ज्ञाच्या अहवालाची वाट न पाहता केलेली धिटाई होती.

मोहाबद्दल मात्र मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलांच्या संकलनावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध सैल केले, ते योग्यच झाले. त्यानंतर मोहाचे लाडू, जॅम, सरबत असे पदार्थ बचत गटांच्या टेबलांवर दिसू लागले. प्रदर्शनात पाहुणे कौतुक करतात, फोटो निघतात, दोन-चार बरण्या विकल्या जातात. पण धंदा दुसऱ्या खरेदीवर चालतो. बरणी नेणाऱ्याने महिन्याभराने ती पुन्हा मागितली का, नाही तर का नाही, गोडी जास्त झाली की वास आवडला नाही, हे विचारणारे कुणी नसते, कारण प्रदर्शन संपले की गिऱ्हाइकाचा पत्ताही संपतो. नवी वस्तू काढणे म्हणजे कल्पकता हा समज इथे नुकसान करतो. मोहाच्या फुलात आणखी साधी संधी आहे. चैत्रात फुले मातीमोल भावाने विकली जातात आणि पावसाळ्यात त्याच घरांना ती चढ्या भावाने घ्यावी लागतात. कोरडी, उंदीर-घुशींपासून सुरक्षित कोठी आणि चार महिने थांबण्याइतका पैसा, एवढ्यावर कुठलाही लाडू न वळता नफा मिळू शकतो.

थांबण्याची ताकद, इथे सगळी चर्चा येऊन अडते. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात गरिबांच्या लहान धंद्यांबद्दल सावध केले आहे: यातले बहुतेक जण हौसेने उद्योजक झालेले नसतात, नोकरी मिळत नाही म्हणून टपरी टाकतात. हैदराबादच्या वस्त्यांत त्यांनी सहकाऱ्यांबरोबर सूक्ष्मकर्जाचा मोठा अभ्यास केला. त्यात सरासरी कुटुंबाचे आयुष्य कर्जाने फारसे पालटले नाही, आधीपासून धंदा करणाऱ्यांना मात्र फायदा झाला. मला यातून दिसते ते असे की पैसा प्रश्नाची जागा घेत नाही, आणि प्रश्न पैशाची. ज्या घरातला कर्ता पुरुष दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातो, त्या घराला प्रयोग फसला तर पुढचे जेवण जाते. तिथे चुकण्याची मुभा नसते, आणि मुभा नसेल तर चौकस माणूसही गप्प बसणे पसंत करतो. त्याला भित्रा म्हणणे अन्याय आहे.

दुसरा अडसर भाषेचा. या जिल्ह्यात भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजराती, मराठी आणि हिंदी बोलली जाते. मोलगीच्या बाजारातला व्यापारी विकणाऱ्या बाईशी तिच्या बोलीत बोलतो आणि तिथेच फोनवर परराज्यातल्या गिऱ्हाइकाशी हिंदीत. त्याचा बराचसा नफा या दोन संभाषणांच्या मधे तयार होतो. त्याला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही, तो एक खरे काम करतो. पण त्या दोन संभाषणांतले दुसरे ऐकण्याची संधी बाईला कधीच मिळाली नाही, तर ती प्रश्न विचारणार कोणाला? आता शिकलेली नातवंडे दोन्ही बोलतात, हातात फोन आहे. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. ओळखीचा कागद इथे सगळ्यांच्या आधी पोचला. बाजाराची ओळख अजून वाटेत आहे.

योजना आहेत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळते. अर्जदाराला किमान १० टक्के स्वतःचे घालावे लागतात आणि बँकेचे कर्ज मंजूर व्हावे लागते. वनधन केंद्रांची योजना तीनशे जणांच्या समूहाला धरून चालते. कोळद्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे, जिल्हा उद्योग केंद्र आहे, बचत गटांचे जाळे आहे. या सगळ्यांकडे माझी एकच मागणी आहे. पुढच्या उन्हाळ्यात, कैऱ्या उतरण्याआधी, एखादे प्रशिक्षण सभागृहात घेऊ नका. तेवढ्याच खर्चात मोलगी-धडगावच्या वीस-पंचवीस बायांना, बरोबर त्यांची बोली जाणणारी दोन शिकलेली मुले घेऊन, आमचूर जिथे दळला जातो त्या बाजारात न्या. दोन दिवस तिथे राहू द्या, पोती फोडताना पाहू द्या, भाव विचारू द्या. परतल्यावर त्यातल्या पाच जणींनी वेगळी फोड करून पाहायची ठरवली, तर पहिल्या हंगामात होईल तेवढा तोटा भरून देण्याची तयारी ठेवा. मिरचीवाल्यांसाठी, भगरवाल्यांसाठी, पपईच्या बागाईतदारांसाठी हेच करता येईल. बसभाड्याला आणि भरपाईला जिल्हा नियोजनात स्वतंत्र तरतूद हवी, आणि ती मार्चअखेर नव्हे, हंगामाच्या आधी हातात पडायला हवी.